थडग्यापुढचं वाक्य

त्या वर्षी कौन्सिलनं नवीनच खूळ काढलं होतं. बर्मिंगहॅममधली सगळी मंडळं दरवर्षी आपापले नाच आणि नाटकं करायची, आपलेच लोक येऊन बघायचे आणि आपलेच टाळ्या वाजवायचे. यंदा म्हणे प्रत्येकानं दुसऱ्याची गोष्ट आपल्या भाषेत करायची. मीटिंगमध्ये एका काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या मराठी मंडळाला चिनी केंद्राची चिठ्ठी आली आणि आमची पोलिश क्लबला गेली. आमच्या गोष्टीचं त्यांनी काय केलं ते मी इथं सांगत नाही.

मंडळाची नाटकं मी बसवायची. पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांमध्ये मिळालेल्या दोन ढाली आणि नाकावरचा राग एवढ्या भांडवलावर मी हे काम वर्षानुवर्षं करत होते. चिनी केंद्रातर्फे मदतीला एक बाई आल्या, हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. त्यांनीच मला चहाच्या टेबलावर ती जुनी प्रेमकथा सांगितली.

मुलींना शिकायची मुभा नव्हती त्या काळात एक मुलगी मुलाचा वेश करून शाळेत जाते. तीन वर्षं एका मुलाशेजारी बसून शिकते, त्याच्याच खोलीत राहते, पण त्याला पत्ता लागत नाही. ती घरी जायला निघते तेव्हा तो मैलोन्मैल सोबत चालतो. ती वाटभर आडून आडून सुचवत राहते आणि त्या बाबाच्या डोक्यात काही प्रकाश पडत नाही. पडतो तेव्हा तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं. तो झुरून मरतो. तिची वरात त्याच्या थडग्यावरून जाते तेव्हा ती पालखीतून उतरते, थडगं दुभंगतं, ती आत जाते आणि आतून दोन फुलपाखरं उडतात.

लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. त्या मुलीनं वर्गात पाऊल टाकून म्हणायचं काय? मराठीत ‘मी’ म्हटलं की पुढच्या क्रियापदात बाई की पुरुष ते उघडं पडतं. तिला तीन वर्षं ‘मी आलो, मी जेवलो, मी झोपतो’ असं बोलावं लागणार. एकदा जरी ‘आले’ तोंडातून निसटलं तरी सगळं संपलं. चिनी बाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या भाषेत आलेला माणूस आणि आलेली बाई एकाच शब्दात बोलतात म्हणे. आमच्या मुलीला फक्त कपडे सांभाळावे लागतात, तुमच्या मुलीला जीभसुद्धा, असं त्या म्हणाल्या.

मला तर घबाड मिळालं. सगळं नाटक मी त्या एका मात्रेवर उभं केलं. पहिले दोन अंक मुलगी पुरुषासारखी बोलेल, तिसऱ्यात घरी गेल्यावर बाईसारखी, पण त्याच्याशी मात्र ती बाई म्हणून एकदाच बोलेल, थडग्यापुढे. ‘मी आले.’ एवढंच. त्या शब्दावर थडगं उघडायचं.

नायिका होती पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलेली एक मुलगी. पाठांतर चोख, पण पहिल्या दोन अंकांत ती हटकून ‘मी गेले’ म्हणायची आणि जीभ चावायची. ती सवय मोडत आणेपर्यंत तिचा प्रोजेक्ट संपला आणि कंपनीनं तिला पुण्याला परत पाठवलं. प्रयोगाला दोन महिने उरले होते.

तेव्हा मला ती आठवली. तिचं नाव इथं घेत नाही, मंडळात सगळे ओळखतील. तेव्हा चोवीस-पंचवीसची होती आणि ऑप्टिशियनकडे काम करायची. जन्म स्कॉटलंडचा, ग्लासगोपलीकडच्या एका छोट्या गावातला. वडील तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. ती तीन वर्षांची असताना आई गेली. गावात दुसरं मराठी घर नव्हतं, तेव्हा हिच्या कानावर मराठी पडायचं ते एकट्या वडिलांचं. त्यामुळे तिचं बाकी बरंच ठीक होतं. ‘ती आली’, ‘तू आलीस’ हे सगळं नीट. फक्त स्वतःबद्दल बोलायला लागली की वडिलांसारखी बोलायची. मी दमलो. मी बसनं आलो. मी फोन करतो.

ते दोघं बर्मिंगहॅमला राहायला आले तेव्हा ती सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत होती. मंडळाच्या पहिल्याच गणपतीत कोणीतरी तिला पान वाढायला गेलं आणि ती म्हणाली, ‘नको, मी जेवलो.’ बायकांची अख्खी रांग हसली. मीही हसले. वर तिच्या वडिलांना, ती चार पावलांवर उभी असताना, ऐकवलं की अहो, मुलीला निदान स्वतःबद्दल तरी नीट बोलायला शिकवायचं होतंत. ते ताटाकडे बघत राहिले. त्यानंतर ती मंडळात इंग्रजीशिवाय बोलली नाही. हे सगळं मला लख्ख माहीत होतं आणि तरी मी तिच्या दुकानात गेले, कारण निम्मी भूमिका तिला आयती येणार होती. इतका साधा हिशेब होता माझा.

ती काउंटरमागे कोणाच्या तरी चष्म्याची काडी वाकवत होती. मी सगळं सांगितलं. तिनं तिसऱ्या अंकाबद्दल विचारलं, तिथं ती मुलगी कशी बोलते म्हणून. मी म्हटलं, बाईसारखी. तिनं चष्मा खाली ठेवला.

“काकू, लोक हसतात ना, तेव्हा बाबांची मान खाली जाते. माझी नाही, त्यांची. मला एकदा ते बरोबर करायचं आहे. सगळ्यांसमोर, आणि ते बसलेले असताना.”

त्या क्षणापासून नाटकात काय पणाला लागलं होतं ते आम्हां दोघींना ठाऊक होतं. ती माझ्यापेक्षा ते कमी विसरली.

तालमी रविवारी एका प्रायमरी शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. पहिल्या दोन अंकांत तिला बघणं म्हणजे सुख होतं. मान ताठ, चाल मोकळी, आणि ‘आलो-गेलो’ असं सहज की आमचा नायक तिच्यापुढे बायकी वाटायला लागला. तिसऱ्या अंकाचं तसं नव्हतं. नुसतं वाचताना ती बरोबर म्हणायची. उभी राहून म्हणतानाही दहातलं आठ वेळा बरोबर. पण भावना चढली, डोळे भरून आले की घात. वरातीतून उतरायची, थडग्यापाशी धावायची, आणि जीव तोडून म्हणायची, ‘मी आलो.’ की मागे वरातीच्या थाळ्या मांडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. नायकसुद्धा थडग्यात पडल्या पडल्या हसू दाबत हलायचा.

मी तिचे सगळे संवाद माझ्या आवाजात मिनीडिस्कवर भरून दिले. ती कामावर जाताना बसमध्ये ऐकायची, ओठ हलवत. शेजारचे लोक उठून दुसरीकडे बसतात, असं तिनं एकदा हसत सांगितलं. फरक पडत होता, पण शेवटच्या वाक्यापर्यंत पोचत नव्हता.

“लाइन मला येते,” ती म्हणायची. “पण फील करायला लागलो की ते आपोआप होतं.”

म्हणजे न जाणवू देता बोलली तर बरोबर, आणि जाणवलं तर चूक. कोणत्याही दिग्दर्शकानं अशा वेळी शांत राहायला हवं. मी राहिले नाही. प्रयोगाला तीन आठवडे असताना, एका तालमीत लागोपाठ पाचव्यांदा ‘आलो’ आलं आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं, तेव्हा माझा तोल गेला. हसणारीला सोडून मी हिच्यावर धावले.

“बाई आहेस ना तू? मग बाईसारखं बोल की.”

तिनं अंगावरची लाल ओढणी काढली, नीट घडी करून खुर्चीवर ठेवली, स्वेटर उचलला आणि गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही. मी टेक्स्ट केले, त्यांना उत्तर नाही. दुकानात फोन केला तर ती कस्टमरबरोबर आहे असं सांगण्यात आलं, दोनदा. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठी नव्हे, नाटकासाठी. हॉलचं बुकिंग झालेलं, पत्रकं वाटलेली, आणि माझं नाव त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत.

प्रयोगाच्या आदल्या मंगळवारी ती आपण होऊन आली. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी तिच्या हातात एक नवीन पान ठेवलं. शेवटचं वाक्य मी बदललं होतं. ‘मी आले’च्या जागी ‘मला आत घे.’ यात बाई नाही, पुरुष नाही, चुकायला जागाच नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

तिनं पान वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे सेफ आहे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, म्हणून तर.

“म्हणजे मला जमणार नाही असं तुम्हाला वाटतं.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं की प्रश्न तुझा नाही, सगळ्या नाटकाचा आहे, शेवटी लोक हसले तर सगळ्यांचे कष्ट पाण्यात जातील. तिनं पान घडी करून खिशात घातलं. मग मी चिनी बाईंकडे गेले. थडगं त्या उघडणार होत्या. दोन फळ्या, गणपतीच्या मखराच्याच, राखाडी रंगवलेल्या, मागून दोरी ओढली की बाजूला सरकणाऱ्या. मराठी त्यांना येत नव्हतं, त्यांनी ‘मी आले’ हा आवाज पाठ केला होता. आता मी त्यांच्याकडून ‘मला आत घे’ घटवून घेतलं. त्यांनी ते आपल्या लिपीत लिहून दोरीजवळ चिकटवलं आणि जुनं खोडलं.

प्रयोग त्याच शाळेत, शनिवारी दुपारी दोनला होता. हॉल भरला. चिनी केंद्राचे लोक एका बाजूला, आमचे दुसऱ्या, मध्ये कौन्सिलचे. इंग्रजीतला सारांश प्रोजेक्टरवर. तिचे वडील तिसऱ्या रांगेत कडेला, टाय लावून, मांडीवर मफलरची घडी. मागच्याच रांगेत आमच्या हसणाऱ्या बायका. मी उजव्या विंगेत संहिता घेऊन उभी होते.

दोन अंक निर्विघ्न गेले. निरोपाच्या प्रवेशात तर ती इतकी छान गोंधळली की चिनी आजोबा-आजींमध्ये कोणीतरी हळहळलं. तिसरा अंक सुरू झाला. ‘मी परत निघाले.’ बरोबर. ‘मी त्याला काही बोलू शकले नाही.’ बरोबर. प्रत्येक ‘मी’ आला की मी श्वास धरायची आणि क्रियापद आलं की सोडायची. वडिलांनी तिच्यावर लग्न लादलं तो प्रवेश आला, तिचा आवाज कापायला लागला, डोळे भरले, आणि मला वाटलं आता घसरणार. नाही घसरली. मागच्या रांगेतल्या एकीनं शेजारणीकडे बघितलेलं मला विंगेतून दिसलं.

वरात आली. ती पालखीतून उतरली, डोक्यावरची लाल ओढणी काढली, थडग्यापाशी गेली. आता ‘मला आत घे’, की दोरी, की फुलपाखरं, की संपलं. मी आधीच सुटकेचा श्वास घेतला होता.

“मी आले,” ती म्हणाली.

अगदी हळू. पण स्पष्ट. पहिल्यांदा मला फक्त एवढंच कळलं की बरोबर म्हणाली. मग कळलं की थडगं उघडत नाही. पलीकडच्या विंगेत चिनी बाई दोरी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या ‘मला आत घे’ची वाट बघत होत्या. मी हात हलवला. त्यांना वाटलं, थांबा म्हणतेय. त्यांनी मान डोलावून दोरी आणखी घट्ट धरली. मी दोन्ही हातांनी ओढल्याची खूण केली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. एक खुर्ची करकरली. मला हमखास ठाऊक होतं की आता लोक हसणार, आणि हा घोळ तिचा नव्हता, माझा होता.

तिनं थडग्याच्या फळीवर तळवा टेकला. आपल्याच घराच्या दारावर ठेवावा तसा. आणि पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं, शेवटचा स्वर थोडा लांबवत, आतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून:

“मी आलेऽ.”

मी तिला हे असं शिकवलं नव्हतं. माझ्या मिनीडिस्कवर ते असं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत खुर्ची वाजली. तिचे वडील उठले होते. मफलर खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. कोणाकडे न बघता ते बाजूच्या दारानं बाहेर गेले आणि दार त्यांच्यामागे धाडकन बंद झालं. त्याच सुमाराला चिनी बाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी दोरी ओढली आणि फळ्या सरकल्या. थडगं उघडं होतं आणि ती आत जात नव्हती. ती त्या बंद दाराकडे बघत होती. मी विंगेतून जा, जा म्हणत होते, आवाज न करता. किती वेळ गेला सांगता येणार नाही; मला तो सगळ्या नाटकाएवढा वाटला. मग ती वळली आणि आत गेली. रेशमी फुलपाखरं काठ्यांवर वर गेली. हसलं कोणीच नाही. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

फळ्यांमागून ती माझ्याकडे आली. चेहरा पांढरा पडला होता.

“काकू, काय बोललो मी?”

मी म्हटलं, बरोबर बोललीस. दोन्ही वेळा.

“मग बाबा का गेले?”

नमस्काराला सगळे रांगेत उभे राहत होते, तिला हाका मारत होते. ती त्याच लग्नाच्या वेशात मागच्या दारानं पळाली. बाहेर थंडी होती म्हणून मी तिचा कोट घेऊन मागे गेले. असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती वाटत होती की आपण पुन्हा काहीतरी मोडून ठेवलं.

तिचे वडील बाहेर गेलेच नव्हते, लहान मुलांच्या वर्गांच्या पॅसेजमध्ये होते. तिथं कमरेएवढ्या उंचीवर कोट अडकवायच्या खुंट्या आणि त्यांच्याखाली बुटकं बाकडं. त्या बाकड्यावर ते गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

“बाबा, चुकलं का?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मराठीत, अगदी सावकाश, बोलायला लागले.

“तुला येत होतं. तीन वर्षांची होतीस तेव्हा नीट बोलायचीस. तुझी आई ड्यूटीवरून आली की दारातनंच तसं म्हणायची. तूही बागेतनं आत येताना तसंच म्हणायचीस, त्याच चालीवर. ती गेल्यावरही म्हणत राहिलीस. दार वाजलं की तेच. मला सहन होईना. एकदा मी ओरडलो तुझ्यावर. परत असं म्हणायचं नाही, म्हणालो. तू घाबरलीस. त्यानंतर माझ्यासारखी बोलायला लागलीस.”

त्यांनी वर माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, मी शिकवलं नाही असं नाही. मी तिला विसरायला लावलं.”

गणपतीतलं ते ताट आणि त्याकडे बघणारे ते मला आठवले आणि माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं ते आमचं ऐकून घेत होते, एक शब्द न बोलता, कारण खरं सांगण्यापेक्षा निष्काळजी ठरणं त्यांना सोपं होतं.

“आई कशी म्हणायची?” तिनं विचारलं.

मला वाटलं, ते उठून जातील. हॉलमधून टाळ्या अजून ऐकू येत होत्या. त्यांनी घसा खाकरला, एकदा, दोनदा. मग त्यांच्या त्या जाड, कारखान्यात रापलेल्या आवाजात, जमेल तेवढा वर चढवून, ते म्हणाले:

“मी आलेऽ.”

तिनं ते म्हटलं.

“‘मी’वर जोर नाही,” ते म्हणाले. “‘मी’ पटकन. मग ‘आले’ लांब.”

तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि आणखी एकदा म्हणायला सांगितलं.